चारचौघांत बोलायचं म्हटलं की अंगच दगा देतं. 'शरीरातून' उपचार कुणी घेतलेत का?

नंदगडी | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा खानापूर तालुक्यातला, नोकरीला बेळगावच्या उद्यमबागेत. मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो. कामाची भीती नाही. मायक्रोमीटर हातात असला की हात दगडासारखा. पण महिन्याच्या पहिल्या शनिवारी रिव्ह्यू मीटिंग असते, तिथं उभं राहून रिजेक्शनचे आकडे वाचायचे असतात. दहा-बारा माणसं. निम्मं कन्नड, निम्मं हिंदी, मध्येच इंग्रजी. माझा नंबर यायच्या आधीच बोटं गार पडतात, तोंडाला कोरड, छातीत पॉवरलूम सुरू. कागद इतका हलतो की त्याचा आवाज येतो. म्हणून तो जाड फाइलला लावून नेतो, फाइल पोटाशी धरतो, एका दमात वाचतो आणि बसतो. कुणी काही विचारलंच तर 'बघून सांगतो'. उत्तर माहीत असलं तरी.

मीटिंगपुरतं असतं तर चाललं असतं. लग्नात पंगतीला बसत नाही, अक्षता पडल्या की सटकतो. फोन लावायच्या आधी काय बोलायचं ते लिहून काढतो. आठवीत कन्नडचा धडा वाचताना एका शब्दाला अख्खा वर्ग हसला होता, तिथून सुरू झालं असेल. नसेलही. वडीलही असेच आहेत.

डोक्याला सगळं कळतं हो. कुणी खाणार नाही हे कळतं. अंगाला कोण सांगणार? हल्ली मोबाइलवर सारख्या जाहिराती येतात: सोमॅटिक थेरपी, 'नर्व्हस सिस्टिम रिसेट', २१ दिवसांत भीती अंगाबाहेर. फी ६,९९९ रुपये. बोलून काही होत नाही, भीती स्नायूंत साठलेली असते, असं त्यांचं म्हणणं. कुणी केलंय का असलं काही? बेळगाव-धारवाडकडं कुणी आहे का?

तालमीतला | मंगळवार, पहाटे ५:५०

भावा, सात हजार कशाला घालवूलालायस? तालमीत ये की. माझ्या पहिल्या कुस्तीला पाय लटलट कापूलालते. यात्रेतला फड, हलगी वाजूलालती, सगळा गाव बसलेला. वस्तादांनी दोन मुठी माती हातावर घासायला लावली आणि म्हणाले, लोकांस्नी बघू नको, समोरच्याचं मनगट बघ. हरलो ते हरलोच, पण कापायचं कधी थांबलं ते कळलंसुद्धा नाही.

शंकासूर | मंगळवार, सकाळी ९:१५

२१ दिवसांत? लोणचं मुरायलाही त्याहून जास्त लागतात. 'व्हेगस नर्व्ह' (मेंदूतून छाती-पोटाकडं जाणारी नस) हा शब्द ज्या जाहिरातीत तीनदा येतो ती मी आपोआप पुढं सरकवतो.

गंमत बाजूला. धागाकर्ते, पैसे भरू नका. आधी साधी रक्ततपासणी करा. थायरॉइड वाढलेला असला तरी धडधड, थरथर, घाम सगळं होतं. दिवसाला किती चहा-कॉफी होते तेही मोजा.

टिळकवाडीची सून | मंगळवार, दुपारी २:३०

नंदगडी, तुमचं वाचून बरं वाटलं म्हणणं वाईट दिसेल, पण वाटलं खरं. माझं थरथरत नाही, लाल होतं. गळ्यापासून सुरू होऊन कानापर्यंत. हळदीकुंकवाला कुणी 'अगं, नाव घे की' म्हटलं की झालंच. सासूबाईंना वाटायचं मला राग आला. दोन वर्षं मी बंद गळ्याचे ब्लाउज शिवले, कारण एवढंच.

एकदा रात्री जागून लाल होणं आणि घाम थांबवायच्या ऑपरेशनचीही माहिती वाचली होती. छातीतली नस कापतात म्हणे. हे खरं असतं का? इथं कुणी जाणकार असेल तर सांगा.

सीमेवरचा वाघ | मंगळवार, दुपारी ४:०५

मूळ प्रश्न भाषेचा आहे. आपल्यावर जी भाषा

*(प्रतिसादाचा पुढचा भाग धाग्याशी संबंधित नसल्याने काढला आहे. त्या विषयावर चालू धागे सात आहेत, तिथं जावे. – संपादक)*

धारवाडी पेढा | मंगळवार, रात्री १०:२०

मी याच क्षेत्रात काम करते, त्यामुळे जरा लांब लिहिणार आहे. इथं लिहून कुणाचं निदान होत नाही, तेवढं धरून वाचा.

नंदगडी, त्या जाहिरातीतलं एक वाक्य खरं आहे आणि बाकीची वाक्यं त्याच्या जिवावर जगताहेत. सामाजिक भीती अंगात घडते, हे खरं. धोका वाटला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, कातडीकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडं वळतं म्हणून बोटं गार पडतात, लाळ आटते. अंग पळायला तयार होतं आणि तुम्ही त्याला आकडे वाचायला उभं करता. ती तयारी मग कागदातून दिसते. श्वास भराभर झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यानं चक्कर येते, बोटांत मुंग्या येतात. माणसाला वाटतं हवा कमी पडली, तो आणखी मोठा श्वास घेतो आणि आणखी बिघडवतो.

'भीती स्नायूंत साठते' हे मात्र शब्दशः घेऊ नका. स्नायूंत ताण असतो. शिकलेली भीती मेंदूत असते, आणि अंगाची धडधड ही तिला मिळणारी बातमी असते. धडधड झाली म्हणजे नक्की काहीतरी वाईट चाललंय, असं ती समजते.

अंगाच्या बाजूनं उपचार करायची कल्पना नवी नाही. अमेरिकेत एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच स्नायू एकेक करून आवळायचे आणि सोडायचे अशी पद्धत बसवली. स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्ट यांनी ती व्यवहारात आणली, १९८७ साली त्यांनी तिची सविस्तर मांडणी केली. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं लागणारी शिथिलता सरावानं वीस-तीस सेकंदांवर आणायची आणि मग ती बसस्टँडवर, ऑफिसात, जिथं भीती वाटते तिथंच वापरायची. घरी चटईवर पडून करण्यापुरतं ते नाही.

तुम्ही म्हणता ती सोमॅटिक पद्धत बहुधा पीटर लेव्हिन यांची. त्यांनी १९७०च्या दशकापासून ती घडवली ती मुख्यतः आघातासाठी: अपघात, हिंसा वगैरे. अंगातल्या संवेदनेकडं थोडं-थोडं लक्ष न्यायचं, त्रासाच्या जागेवरून निवांत जागेकडं, पुन्हा मागे. चांगला शिक्षक असेल तर लोकांना बरं वाटतं, हे मी पाहिलंय. २०१७ साली इस्रायलमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली, ६३ माणसांवरची, आणि तिचे निकाल आशादायक होते. पण ती आघातोत्तर ताणावरची होती. सामाजिक भीतीसाठी अजून सर्वांत भक्कम पुरावा विचार-वर्तन उपचाराचा, म्हणजे सीबीटीचाच आहे. कुठला उपचार द्यावा हे डॉक्टरांना सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१३च्या मार्गदर्शिकेत तोच पहिला ठेवला. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांच्या पद्धतीनं केला तर साधारण दीड-दीड तासाच्या १४ बैठका, चारेक महिन्यांत. २१ दिवस नव्हे.

आणि सीबीटी म्हणजे नुसतं बोलणं, असंही नाही. त्यात रुग्णाचं बोलणं रेकॉर्ड करून त्यालाच दाखवतात. 'मी पानासारखा कापत होतो' म्हणणारा स्वतःला पडद्यावर बघतो आणि म्हणतो, एवढंच?

टिळकवाडी ताई, त्याच मार्गदर्शिकेत लाल होणं किंवा घाम यांसाठी सामाजिक भीतीच्या रुग्णांना ती नस कापायची शस्त्रक्रिया सुचवू नये, असं स्पष्ट लिहिलंय. त्या रात्री तुम्ही मोबाइल बाजूला ठेवलात ते बरं केलंत.

शंकासूर | मंगळवार, रात्री ११:०५

उत्तम प्रतिसाद. एक भर: व्हेगसच्या नावानं जे विकलं जातं त्यात स्टीफन पोर्जेस यांचा १९९४चा सिद्धान्त फार वापरतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, ही गोष्ट खरी आणि मोजता येते. पण उत्क्रांतीत मज्जासंस्थेचे मजले एकावर एक चढले आणि भीतीत आपण खालच्या मजल्यावर पडतो, ही जी कथा त्यावर रचलीय तिला शरीरशास्त्रज्ञांनीच हरकत घेतली आहे. ठोके मंदावायला कथा लागत नाही.

येळ्ळूरचा टाळकरी | बुधवार, सकाळी ६:३०

मी अडाणी माणूस, पण धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या गल्लीत दर एकादशीला भजन असतं. पहिल्यांदा मला अभंग म्हणायला बसवलं तेव्हा आवाज असा निघाला की लहान पोरं हसली. आमच्या बुवांनी एकच सांगितलं. सूर लावायच्या आधी श्वास भरू नको, आधी आतला सोडून दे. रिकामा झालास की आपसूक भरेल. आणि ओळ संपेपर्यंत सोडत राहा. आता पेढाताईंचं वाचलं आणि डोक्यात लख्ख झालं. भजन म्हणजे दोन तास लांब श्वास सोडणंच की हो!

दुसरं, टाळ. हात कापत असला तरी टाळ वाजतोच. उलट कापणाऱ्या हाताला काम मिळतं. वीस जणांचा एक ठेका पडला की तुझा हात तुझा राहत नाही. मी शेतमाल विकायला बाजारात जातो तेव्हा दलालाशी बोलताना अजून घशाला कोरड पडते, खोटं बोलणार नाही. पण भजनात पडत नाही. हे असं का, ते शिकलेल्यांनी सांगावं.

धारवाडी पेढा | बुधवार, दुपारी १:१०

टाळकरी काका, भजनात कुणी तुमच्याकडं बघत नाही आणि तुम्हीही स्वतःकडं बघत नाही. सामाजिक भीतीत अंगापेक्षा जास्त त्रास कुठला असेल तर तो हा, की माणूस बोलताना स्वतःचाच पहारेकरी होतो. आवाज कापतोय का, कान लाल झाले का, हात दिसतोय का. वस्तादांनी मनगट बघायला सांगितलं ते इथंच येऊन मिळतं. तो सल्ला मला पुस्तकात मिळवायला दोन वर्षं लागली!

दलालापुढं ठेका नसतो, हे मात्र आहे.

निपाणीची मावशी | बुधवार, संध्याकाळी ७:४५

माझी भाची पोह्यांच्या कार्यक्रमात ट्रे घेऊन आली आणि कपबश्यांचा असा खडखडाट, की मुलाकडच्यांनी विचारलं तब्येत बरी नाही का. तीन स्थळं अशीच गेली. एका डॉक्टरांनी कार्यक्रमाच्या तासभर आधी घ्यायची प्रोप्रॅनोलॉलची गोळी दिली. ट्रे हलला नाही. पण पोरगी म्हणते, मावशी, उद्या गोळी संपली तर? आणि तिला लहानपणचा दमा आहे हे डॉक्टरांना आम्ही सांगितलंच नव्हतं. नंतर कळलं की दमेकऱ्यांना ती गोळी चालत नाही. केमिस्टकडून आपल्या मनानं घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

शेवटी आम्ही ट्रेच बंद केला. पोहे मी आणते, ती गप्पा मारते. तुम्ही हसाल, पण जमलं यंदा.

टिळकवाडीची सून | बुधवार, रात्री ८:०२

मावशी, अभिनंदन! कुंदा कधी?

नंदगडी | रविवार, सकाळी १०:३०

सगळ्यांचे आभार. काल पहिला शनिवार होता. सांगायला लाज वाटते, पण उलटंच झालं.

आठवडाभर सराव केला होता. खुर्चीवर बसून पाय जमिनीवर टेकवायचे, चार मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर. घरी मस्त व्हायचं. काल मीटिंगमध्ये माझ्या आधी तिघं होते तेव्हापासून सुरू केलं. आत चार, बाहेर सहा. हात थांबला का बघितलं. नाही. परत आत चार. माझं नाव पुकारलं ते ऐकूच आलं नाही, शेजाऱ्यानं कोपरानं ढोसलं. उठलो तर डोकं हलकं झालेलं, बोटांत मुंग्या. आकडे वाचले, पण मार्चचे वाचले की एप्रिलचे तेही आठवत नाही.

म्हणजे माझ्यावर श्वासही चालत नाही. ६,९९९ वाले म्हणतील ॲडव्हान्स्ड बॅच घ्या.

तालमीतला | रविवार, सकाळी ११:००

एप्रिलचेच वाचलेस असशील. नाहीतर साहेब ओरडला असता.

धारवाडी पेढा | रविवार, दुपारी ३:४०

नंदगडी, लाजायचं कारण नाही. हे इतकं नेहमीचं आहे की खरं तर मीच आधी सांगायला हवं होतं.

दोन गोष्टी झाल्या. एक साधी: घाबरलेल्या माणसाला 'श्वास घे' म्हटलं की तो मोठमोठे घोट घेतो. त्याचंच डोकं हलकं झालं, त्याच मुंग्या. टाळकरी काकांच्या बुवांचं ऐका, आधी सोडा. आत येईल तेवढा हळू येऊ द्या, नाकानं, आकडे न मोजता. भ्रामरी करत असाल तर गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो, ती घरी करा. मीटिंगमध्ये नको, साहेब घाबरतील.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. तुम्ही श्वास कशासाठी घेत होतात? हात थांबावा म्हणून, आणि तो थांबला का हे दर वेळी तपासत होतात. जाड फाइल कशासाठी होती? हात दिसू नये म्हणून. तुमचा श्वास म्हणजे दुसरी फाइल झाली. लपवायची प्रत्येक युक्ती मेंदूला हेच सांगते, की कापणं दिसलं तर अनर्थ होईल. आणि युक्ती वापरल्यामुळं तो अनर्थ होतो की नाही हे कधी तपासलंच जात नाही. श्वास, योग, सोमॅटिक, टाळ, माती, काहीही घ्या. थरथर घालवायला वापरलंत तर ते उलटतं. थरथरत असतानाही तिथं थांबता यावं म्हणून वापरलंत तर उपयोगी पडतं. मला त्या २१ दिवसांच्या कोर्सची अडचण फीपेक्षा इथं वाटते. त्याचं आश्वासनच 'अंग शांत होईल, मग तुम्ही बोलाल' असं आहे. बहुतेकांचं क्रमानं उलटं होतं. आधी कापत बोलतात, खूपदा बोलतात, मग अंगाला हळूहळू कंटाळा येतो.

तेव्हा पुढच्या महिन्यापर्यंत मीटिंग विसरा. छोटं काहीतरी घ्या, जिथं अनोळखी माणसाशी दोन मिनिटं बोलावं लागेल. आधी लिहून काढायचं नाही. पाय जमिनीवर आहेत एवढं एकदा बघा आणि मग लक्ष समोरच्याच्या चेहऱ्यावर. बोलून झालं की दोन प्रश्न: मला काय होईल असं वाटलं होतं, आणि काय झालं. वहीत लिहा.

हे एकट्यानं जमेना, किंवा झोप-भूक गेली, जगण्यात राम वाटेना असं झालं, तर थांबू नका. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था, डिम्हान्स, बेळगावपासून बसनं दोन तासांवर आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, २०२२पासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं. खासगीत कुणाकडं गेलात तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आरसीआयकडं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडं, नोंदलेले आहेत का, हे विचारायला संकोच करू नका. खरा माणूस रागावत नाही. औषधाची गरज पडली तर ते मनोविकारतज्ज्ञ ठरवतील, त्यातही कमीपणा नाही.

शंकासूर | रविवार, दुपारी ४:१५

'श्वास म्हणजे दुसरी फाइल' हे मी चोरणार. आमच्याकडं तिसरी फाइलही आहे: मोबाइल. लग्नात उगाच कानाला लावून मांडवाबाहेर उभा राहतो. हो, मीच. इतका वेळ शहाणपणा शिकवत होतो.

नंदगडी | गुरुवार, रात्री ९:५०

अहवाल देतो.

वडिलांच्या नावच्या जमिनीची पहणी, म्हणजे इकडचा सातबारा, काढायची होती. दर वेळी मी चुलतभावाला पाठवतो, त्याचं कन्नड झकास आहे. आज रजा टाकून स्वतः गेलो. रांगेत आठ जण. लिहून नेलं नव्हतं, पण डोक्यात वाक्य जुळवत होतोच. मग आठवलं आणि पुढच्या म्हाताऱ्याच्या पटक्याकडं बघत बसलो. किती वेढे आहेत ते मोजले. घाम होता. पाय कापत होते, कापू दिले.

नंबर आला. कन्नडमध्ये म्हटलं, 'सर, पहणी बेकित्तु', म्हणजे पहणी हवी होती. आवाज चिरकला. खिडकीतला माणूस वरही न बघता म्हणाला, 'सर्व्हे नंबर किती, सांगा.'

मराठीत.

मागं कुणीतरी हसलं. मला बघून हसलं की आणखी कशाला, माहीत नाही. कान तापले. पण मी तिथंच उभा राहिलो आणि नंबर सांगितला. मग त्याला म्हटलं, हिस्सा नंबरात चूक दिसतेय, ती दुरुस्त करायला काय करायचं? हा प्रश्न मी तीन वर्षं चुलतभावाकरवी विचारायचं टाळत होतो. त्यानं दहा मिनिटं समजावून सांगितलं, निम्मं कन्नडमध्ये, निम्मं मराठीत, आणि मीही तसंच बोललो.

वहीत लिहिलंय. काय होईल असं वाटलं होतं: चूक बोलेन, हसतील, परत पाठवतील. काय झालं: चूक बोललो, हसले, परत पाठवलं नाही.

मीटिंगला अजून तीन आठवडे आहेत. फाइल न्यायची की नाही ते ठरवलेलं नाही. पातळ फाइल चालेल का?

धारवाडी पेढा | गुरुवार, रात्री १०:१५

चालेल. त्याच्या पुढच्या महिन्यात नुसता कागद.

येळ्ळूरचा टाळकरी | शुक्रवार, सकाळी ६:१०

शनिवारी मीटिंग आणि रविवारी एकादशी असं कधी जुळलं तर भजनाला या. टाळ आहे जादा.

तालमीतला | शुक्रवार, सकाळी ६:१२

आधी तालमीला. मग भजनाला. आणि ते ६,९९९ वाचलेत त्याचा खुराक लाव, भावा.